मावशींच्या रक्ताची आठवण

आमच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे दहा खोल्यांची चाळ होती. रहाटणीत तेव्हा शेतं जास्त आणि घरं कमी होती. पिंपरीच्या कारखान्यांत कामाला आलेल्या पोरांसाठी गावातल्या लोकांनी शेताच्या कडेला पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या, त्यातलीच ही. पोरं बहुतेक बीड-उस्मानाबादकडची. एका खोलीत सहा जण आणि खाटा तीन. पहिल्या पाळीचा माणूस उठून कामाला गेला की तिसऱ्या पाळीहून आलेला त्याच खाटेवर, त्याच गोधडीत शिरायचा. "आपली खाट काही गार होत नाही," असं ती एकमेकांना हसून सांगत. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते ऐकू येई.

मी खिडकीतून पुष्कळ ऐकत असे, बघत असे. बोलत मात्र नसे. माझी शाळा चिंचवडच्या कॉन्व्हेंटची, कॉलेज पुण्याचं. घरात मराठी होतं, पण ते जेवायला चल, दिवा घालव, एवढ्यापुरतं. कुणाला काही नीट समजावून सांगायची वेळ आली की डोक्यात आधी इंग्रजी वाक्य तयार व्हायचं, आणि ते मराठीत येईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. त्यापेक्षा गप्प राहणं सोपं होतं. आसपासचे लोक मला शिष्ट म्हणत. मी ते खोडून काढायच्या भानगडीत पडले नाही.

चाळीतल्या पोरांना जेवण मावशी घालायच्या. त्या मूळच्या रहाटणीच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, एकुलत्या एका मुलाला घेऊन चाळीच्या टोकाच्या खोलीत राहायच्या. मुलगा एका कंपनीत फिटर होता. मावशींचा सगळा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. पोरांची नावं त्यांना धड येत नसत. कोण लसूण चालत नाही म्हणतो, कुणाला भाकरी करपलेली लागते, कोण पाय ओढत चालतो, यावरून त्या माणूस ओळखायच्या. एकदा एक पोरगा वडलांचे दिवस करून गावाहून परत आला. डोकं आणि मिशी साफ उतरवलेली, अंगावर कुणाचा तरी ढगळ सदरा. नळावरच्या पोरांनी त्याला पाहुणा समजून "कोण पाहिजे?" असं विचारलं. मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून न बघताच म्हटलं, "आरं, डाव्या पायानं फरफरतोय, त्योच की. ये बाबा, बस. बापाचं समदं नीट पार पडलं ना?" मी हे खिडकीतून पाहिलं आणि का कोण जाणे, माझ्या लक्षात राहिलं.

बी.एस्सी. झाल्यावर पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मला टेक्निशियनची नोकरी लागली. तिथे विषाणूंवर काम चालायचं. माझं काम रक्ताचे नमुने तपासायचं. ते काम मला आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे. आईला शेजारणी विचारायच्या, "तुमची मुलगी काय करते?" आई सांगायची, "रक्त बघते." त्यावर पुढे कुणी काही विचारत नसे.

त्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या आसपास, चाळीत ताप शिरला. आधी एका खोलीतले दोघे पडले. त्याच खाटांवर पाळीने झोपणारे खोलीतले उरलेले चौघे तिसऱ्या दिवशी पडले. आठवड्यात निम्मी चाळ अंथरुणात होती. अंग ठणकतंय, डोळे उघडवत नाहीत, खोकला थांबत नाही. विम्याच्या दवाखान्यापुढे सर्टिफिकेटासाठी रांग लागली, आणि त्या रांगेतूनही बहुधा तो ताप आणखी चार चाळींना गेला. मग मीही पडले. चार दिवस मला पंख्याचा आवाजसुद्धा सहन होत नव्हता, आणि पंखा बंद होता. आवाज माझ्या कानातच होता.

पाचव्या दिवशी भिंतीवरून हाक आली. मावशींनी हुलग्याचं माडगं करून पितळीत आणलं होतं. आईने ते घेतलं आणि म्हणाली, "अहो मावशी, तुम्ही दिवसभर त्या आजारी पोरांत असता, जरा जपा."

"मला काय व्हतंय?" मावशी म्हणाल्या. "हे तोंड बगा. ज्या घरात देवी यायच्या ना, त्या घरात आमच्याकडं फकस्त वण आल्याली बाई आत जायाची. बाकीच्यांनी उंबऱ्याभाईर. मी बारा वर्सांची असल्यापास्नं जातीया. देवी दुसऱ्यांदा शिवत न्हाईत."

मी अंथरुणात पडून ते ऐकलं. मला वाटलं, उठून सांगावं की देवी वेगळ्या आणि हा ताप वेगळा. देवीचा विषाणू रूप बदलत नव्हता, म्हणून एकदा झाल्या की माणूस सुटत असे. तापाचा हा विषाणू तसा नाही. पण मी उठू शकत नव्हते, आणि उठले असते तरी बोलले असते असं नाही.

कामावर परत गेल्यावर आमच्या सरांनी विचारलं, "तुमच्या भागात कोण कोण आजारी आहे, काही अंदाज आहे?" अंदाजच विचारला होता, मी मात्र त्यांना खोलीवार यादी दिली. कोण कुठल्या पाळीचा, साधारण वय काय, कुणानंतर कोण पडलं. इतकी वर्षं खिडकीत उभी राहिले त्याचा तो पहिला उपयोग. सरांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, "पंचविशीच्या वरचं कुणीच नाही यात."

ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खरंच, माझी आई बरी होती, वडील बरे होते, मावशी दिवसभर त्या खोल्यांतून फिरत होत्या आणि ठणठणीत होत्या. चाळीचे मालक सत्तरीचे, ते रोज येऊन पोरांना ओरडून जात होते. पडलेले सगळे तरुण.

"मोठ्या वयाच्या, आजारी न पडलेल्या माणसांचे नमुने आणता येतील?" सरांनी विचारलं.

त्या रविवारी मी उकळलेल्या सुया, नळ्या आणि बर्फाचा थर्मास घेऊन पहिल्यांदा मागच्या दाराने चाळीत गेले. नेमकं तेव्हा मावशी आणि त्यांचा मुलगा यांचं भांडण चाललं होतं. तो दारात आडवा उभा होता आणि मावशींच्या हातात डबे होते.

"आये, तू न्हाई जायाचं. तरणी पोरं आडवी झालीत, तू म्हातारी. तुला धरलं तर उठायची न्हाईस."

"मंग त्यास्नी भाकर कोन देनार? तुझी कंपनी?"

"दारात ठेव डबे आन् ये माघारी."

"त्यो तिसऱ्या खोलीतला उठून पानी प्यायला येईना. दारात डबा ठिवून काय करू, वास देऊ का?"

मग त्याला मी दिसले. "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा हिला."

मी थर्मास उंबऱ्यावर ठेवला. मावशींना म्हटलं, रक्त द्याल का. त्यांनी डबे खाली ठेवले, बाही वर केली आणि म्हणाल्या, "घे. तूच बघ आन् तूच सांग. ह्यो माजं ऐकत न्हाई."

आमची तपासणी कशी असायची ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रक्त गोठू दिलं की वर पिवळसर पाणी राहतं. ते पाणी एका पारदर्शक प्लेटच्या खळग्यांत घालायचं. पहिल्या खळग्यात जास्त, पुढच्यात निम्मं, त्याच्या पुढच्यात त्याच्या निम्मं, असं पातळ करत शेवटपर्यंत. मग प्रत्येकात थोडा विषाणू आणि शेवटी कोंबड्याच्या रक्तातल्या लाल पेशी. विषाणू मोकळा असेल तर तो त्या पेशींना धरून ठेवतो आणि खळग्यात गुलाबी पातळ पडदा पसरतो. पण त्या माणसाच्या रक्तात विषाणूला बांधून ठेवणारं काही असेल, तर पेशी सुटतात, हळूहळू तळाशी जातात आणि तिथे कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका दिसतो. टिकली जितक्या लांबच्या खळग्यापर्यंत दिसेल, तितकं त्या रक्ताचं बळ जास्त.

त्याच रविवारी नुकत्याच पडलेल्या पोरांचंही रक्त मी घेतलं होतं; त्यात एकही टिकली नव्हती. मावशींच्या रक्तात सहाव्या खळग्यापर्यंत होती.

सरांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं. "हा विषाणू नवा नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत ह्याचाच भाऊबंद सगळीकडे फिरत होता. मग त्याची जागा दुसऱ्याने घेतली आणि हा गेला. आता परत आला आहे. तेव्हा ज्यांना तो होऊन गेला, त्यांच्या शरीरात काही पेशी तशाच राहिल्या आहेत. वर्षानुवर्षं काहीच करत नाहीत, फक्त लक्षात ठेवतात. तोच चेहरा पुन्हा दिसला की त्या भराभर वाढतात आणि त्याला बांधतात. तुमच्या चाळीतली पोरं तो गेल्यावर जन्मली किंवा तेव्हा तान्ही होती. त्यांच्याकडे आठवणच नाही." मी उठायला लागले तसं त्यांनी पुढे म्हटलं, "पण ही आठवण ह्याच्यापुरती. दुसरा एक प्रकार गेली काही वर्षं फिरतोय, तो दर दोन-तीन वर्षांनी रूप पालटतो. त्याच्यापुढे ह्या बाईंचं रक्त काय करील, हे ही प्लेट सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नळापाशी गेले. मावशी, त्यांचा मुलगा आणि बरी झालेली पाच-सहा पोरं तिथे होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रात्री वहीत मराठी वाक्यं लिहून पाठ केली होती. म्हणाले, "मावशी, तुमच्या रक्ताला हा ताप आठवतोय. फार वर्षांपूर्वी तुम्हाला होऊन गेलाय. तुम्ही जा पोरांकडे, तुम्हाला काही होणार नाही."

"लगीन झालं त्या साली," मावशी लगेच म्हणाल्या. "समदं गाव झोपलं व्हतं. सासूनं मला गोठ्यात ठिवलं व्हतं." आणि मुलाकडे वळून, "ऐकलंस? रगताला याद हाय माज्या."

एक पोरगा म्हणाला, "मावशे, तुमचं रक्त परमनंट झालं बगा. आमचं अजून टेंपरवारीच." सगळे हसले. मीही हसले. सात-आठ माणसं माझ्या एका वाक्यावरून हसतायत, माझ्याकडे मानाने बघतायत, असं माझ्या आयुष्यात आधी झालं नव्हतं.

वहीत दुसरंही वाक्य लिहिलेलं होतं. ते असं: पुढचा ताप वेगळा असू शकतो, तेव्हा हे लागू नाही. ते मी म्हटलं नाही. शब्द आठवले नाहीत असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरं नाही. ते पाठ होतं. पण ते म्हटलं असतं तर मावशींच्या मुलाने पुन्हा दार अडवलं असतं, आणि पोरांनी परत पाठ फिरवून नळाखाली भांडं धरलं असतं. मला ते मिनिट संपवायचं नव्हतं.

त्या वर्षी मावशींना काही झालं नाही. पोरं उठली, कामावर गेली, खाटा पुन्हा गरम राहू लागल्या. मी मधूनमधून मागच्या दाराने चाळीत जाऊ लागले. मावशी भाकरी थापत आणि मी पाटावर बसून राही. मी बोलत नसले तरी त्यांना चालायचं. नवीन कुणी खानावळीला आला की मला दाखवून सांगायच्या, "हिनं माजं रगत बघितलंय. पास झालंय."

दोन हिवाळ्यांनंतर ताप परत आला.

ह्या वेळी तो आधी चाळीच्या मालकांना झाला. मग एका फोरमनच्या आईला, मग पोरांतही थोड्या जणांना. पोरांचा ताप तीन दिवसांत उतरत होता. मालक मात्र दोन आठवडे अंथरुणात होते. प्रयोगशाळेत नमुने यायला लागले होते आणि विषाणू दुसऱ्या प्रकारचा आहे, तोही बदललेला, हे आम्हाला कळलं होतं. मला ते सोमवारी कळलं. मी ठरवलं, घरी गेल्यावर मावशींना सांगायचं. सोमवारी बस उशिरा आली. मंगळवारी घरी पाहुणे होते. बुधवारी संध्याकाळी मी खिडकीतून बघितलं तर खोल्यांच्या दारांबाहेरच्या खिळ्यांवर सकाळचे रिकामे डबे तसेच लटकत होते. मावशी ते चार वाजता गोळा करायच्या.

मी मागच्या दाराने गेले. मावशी गोधडीत होत्या. तापाने वण लाल दिसत होते. श्वास वरवर चालला होता. त्या गेले सहा दिवस मालकांकडे जाऊन त्यांना शेकत होत्या, तोंडाशी पेज धरत होत्या. मालकांच्या सुनेने नको म्हटलं तर तिला म्हणाल्या होत्या, "तू लांब ऱ्हा. माज्या रगताला याद हाय."

मुलगा डोक्याशी बसला होता. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, ह्या खेपेला मी अडवलं नाही तिला. तुम्ही सांगितलं होतं ना."

मी म्हणाले, "हो."

"मग असं कसं झालं?"

त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. माझ्याकडे इंग्रजीत पूर्ण उत्तर होतं. मराठीत मी एवढंच म्हणू शकले, "मी अर्धंच सांगितलं होतं. चूक माझी आहे." तो आईच्या कपाळावरची पट्टी बदलायला लागला.

काळेवाडीचे डॉक्टर आले. छातीत कफ धरलाय म्हणाले, इंजेक्शनं सुरू केली. मी मावशींचं रक्त घेतलं. त्यांनी डोळे उघडून हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मी प्लेट लावली आणि पेशी तळाला बसेपर्यंत समोरून हलले नाही. दुसऱ्या खळग्यापासून पुढे सगळा गुलाबी पडदा. पहिल्या खळग्यात मात्र ठिपका होता, नीट गोल नाही, कडा पसरलेल्या. मी सरांना बोलावलं.

"पूर्ण विसरलेलं नाही," सर प्लेट उजेडात तिरकी धरून म्हणाले. "ह्या विषाणूचा आधीचा अवतार त्यांना कधीतरी भेटला असणार. ह्याने वरचे कपडे बदललेत, पण सगळंच बदलता येत नाही. काही भाग तोच राहतो. जुन्या पेशींपैकी काहींना तेवढा भाग ओळखू येईल. ताप अडवण्याइतकं ते पुरलं नाही. पण शून्यापासून सुरुवात करणाऱ्यापेक्षा त्यांचं शरीर लवकर तयार होईल."

"त्या वाचतील?" मी विचारलं. प्रयोगशाळेत मी असा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"तुमच्या कोण त्या?"

"शेजारी."

सरांनी प्लेट खाली ठेवली. "हे प्लेटवर दिसत नाही. आणि दिसतं असं मी सांगणार नाही."

घरी आले तर चाळीत वेगळंच चाललं होतं. पोरांनी मावशींच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने तीन रकाने आखले होते, पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येकात दोघांच्या खुणा. ज्यांना ह्या वेळचा ताप होऊन गेला होता, तेवढ्यांनीच आत जायचं, असं त्यांनीच ठरवलं होतं. मावशींचीच पद्धत; मला काही सांगावं लागलं नाही. पाळी बदलली की एक जोडी कंपनीत जाई आणि दुसरी मावशींपाशी बसे. मुलाला कामावर जाता आलं. पाय ओढत चालणारा पोरगा दुपारी असायचा. मी रविवारी सबंध दिवस आणि एरवी बसमधून उतरल्यावर जाऊ लागले. माझ्या अंगातही त्या आठवड्यात एक दिवस कणकण होती, तेवढ्यावर गेलं.

स्वयंपाक पोरंच करत. त्यांच्या भाकऱ्यांना कडा नसत. पाचव्या दिवशी मावशींनी एक भाकरी ताटात बघितली आणि पहिल्यांदाच काही बोलल्या. आवाज कागदासारखा होता. "ह्यो कुठल्या जिल्ह्याचा नकाशा हाय?"

पोरगा म्हणाला, "बीडचाच हाय मावशे. खावा की."

"बीड करपलंय," मावशी म्हणाल्या आणि दमून डोळे मिटले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो पोरगा उठून बाहेर गेला आणि नळ सोडून तोंड धूत राहिला.

त्यानंतर ताप चढला नाही. अशक्तपणा मात्र महिनाभर राहिला. भिंत धरल्याशिवाय त्यांना नळापर्यंत जाता येत नव्हतं. तीन आठवड्यांनी मी पुन्हा रक्त घेतलं. ह्या वेळी त्याच विषाणूसमोर टिकल्या आठव्या खळग्यापर्यंत गेल्या होत्या. एका रांगेत, स्वच्छ, गोल. सरांनी वहीत आकडा लिहिला. मी ती प्लेट धुवायला टाकायच्या आधी बराच वेळ बघत बसले.

मग मी मावशींना सगळं सांगायला गेले. ह्या वेळी वहीत काही लिहिलं नव्हतं. त्या उन्हात बसून हुलगे निवडत होत्या. मी म्हणाले, "मावशी, तो डोकं भादरून आलेला पोरगा आठवतो? सगळ्यांनी पाहुणा समजला होता?"

"आटवतो की. फरफऱ्या."

"तुम्ही त्याला पायावरून ओळखलंत. बाकी सगळं बदललं होतं, चाल तीच होती. रक्तातल्या पेशी तसंच करतात. ताप दर वर्षी वेगळं डोकं, वेगळे कपडे करून येतो. कधी चालीवरून ओळखू येतो, तेव्हा आत शिरायच्या आधीच त्याला धरतात. कधी नुसतं वाटतं, हा कुठे बघितलाय, आणि आठवेस्तोवर तो घरात शिरलेला असतो. तुमचं तसं झालं. आणि कधी अगदीच नवा असतो. ते आधी सांगता येत नाही. हे मला तेव्हाच माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

मावशी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "का न्हाई सांगितलंस?"

"सगळे माझं ऐकत होते. मला बरं वाटत होतं."

त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "मी बी फसलेय येकदा. त्या फरफऱ्याचंच घोंगडं पांघरून दुसराच आला व्हता, त्याला मी त्याचा डबा दिला. फरफऱ्या आपला उपाशी कामावर गेला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू नसतं सांगितलं तरी म्या गेलीच असती मालकाकडं. पन तोंडाला पदर बांधून गेली असती. त्याच्या सुनंला बी आत घेतलं असतं जोडीला. येकटीनं सहा दिस काडले नसते." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, पण माझं मन राखायलाही म्हटलं नाही. मग सुपातले निम्मे हुलगे माझ्यापुढे सारले. मी निवडायला लागले.

गेल्या हिवाळ्यात चौथ्या खोलीत कुणीतरी खोकायला लागलं. मी खिडकीतून ऐकलं आणि लगेच मागच्या दाराने गेले. मावशी माडग्याचं पातेलं उतरवत होत्या. दारात दोन-तीन पोरं उभी होती, मुलगा कामावरून नुकताच आला होता. मावशींनी मला बघून तिथूनच विचारलं, "कोनता हाय ह्यो? वळखीचा का नवा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"माहीत नाही," मी म्हणाले. "आठ दिवसांनी कळेल. कदाचित तेव्हाही नाही."

मुलाने मान हलवली. मावशींनी पदर नाकावरून घेऊन मानेमागे घट्ट बांधला, पातेलं उचललं आणि चौथ्या खोलीपर्यंत चालत गेल्या. उंबऱ्याशी थांबल्या. पातेलं खाली ठेवलं, दोन पावलं मागे आल्या आणि आत हाक मारली, "ए खोकऱ्या, उठता येतंय का? न्हाई? बरं, पडून ऱ्हा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाटी आन ग. आन् तुजा बी पदर बांध. येक डाव तू जा आत, येक डाव मी."

माझ्या ओढणीला पदरासारखी गाठ बसेना. ती त्यांनीच बांधून दिली.